काटा पुन्हा ७९२वर: व्हॉल्व्ह रेडिओची दुरुस्ती आणि अलाइनमेंट

घरात व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा, जुना रेडिओ आहे, सुरूही होतो, पण स्टेशनं डायलवर भलत्याच जागी लागतात किंवा अर्धा बँड मुकाच आहे, अशी स्थिती असणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मी जून २०२२मध्ये दुरुस्ती आणि अलाइनमेंट, म्हणजे ट्यूनिंगचे भाग एकमेकांशी आणि डायलशी जुळवणं, या कामाला हात घातला आणि फेब्रुवारी २०२३मध्ये ते पुरं झालं. मधला बराच काळ वाट पाहण्यात गेला. कशाची वाट पाहावी लागते आणि कुठे घाई करायची नाही हे आधी कळलं असतं, तर मन इतकं धास्तावलं नसतं.

रेडिओ साताऱ्याच्या आत्याचा. मर्फीचा, ठाण्याच्या कारखान्यातला, लाकडी कॅबिनेटचा, पाच व्हॉल्व्हचा सेट. आत्या मुलाकडे राहायला गेली तेव्हा म्हणाली, "तुला विज्ञानातलं कळतं, तूच ने." मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. अनुनाद फळ्यावर शिकवणं वेगळं आणि अडीचशे व्होल्टच्या चॅसीत, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यात, हात घालणं वेगळं, म्हणून पहिले काही दिवस मी तो नुसता पुसून ठेवला.

मागच्या पुठ्ठ्याला दोऱ्यानं बांधलेलं लायसन्सचं पुस्तक होतं. १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याखाली घरी रेडिओ ठेवायला परवाना लागायचा. दरवर्षी पोस्टात शुल्क भरलं की पुस्तकात नोंद होऊन शिक्का बसायचा. आमच्या पुस्तकातला पहिला शिक्का १९६४चा. असं पुस्तक सापडलं तर फेकू नका. आठवणीचं मोल आहेच, शिवाय सेट कोणत्या काळातला, म्हणजे कोणत्या पिढीचे व्हॉल्व्ह असतील आणि कोणती सर्किट डायग्राम शोधायची, याचा अंदाज त्यावरून येतो. माझ्या सेटमध्ये ईसीएच८१, ईएफ८९, ईबीसी८१, ईएल८४ आणि एसीची डीसी करणारा रेक्टिफायर ईझेड८० अशी मालिका निघाली. त्या काळात हीच मालिका सर्रास वापरायचे, त्यामुळे माहिती मिळायला अडचण येत नाही.

तक्रार अशी होती. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या, म्हणजे पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झ, डायलवर ७००च्या जवळ आणि दबक्या आवाजात लागायचं. मुंबईचं १०४४ खरखरत यायचं. मुंबईचंच ५५८, म्हणजे अस्मिता वाहिनी, अजिबात नाही. काटा ६५०च्या खाली गेला की सगळीकडे शांतता. साधी खरखरसुद्धा नाही.

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चौकशी केली. सुटे भाग मिळतात, दुरुस्ती कोणी घेत नाही. एका दुकानात आपुलकीनंच सांगितलं, "आतलं सगळं काढून ब्लूटूथचा बोर्ड बसवून देतो, बाहेरून दिसायला हाच राहील." मला बाहेरून दिसणारा रेडिओ नको होता. शेवटी जुन्या बाजारात, जो बुधवारी आणि रविवारी भरतो, व्हॉल्व्ह विकणाऱ्या एका माणसानं एका निवृत्त रेडिओ मेकॅनिकचा पत्ता दिला. वय ऐंशीच्या पुढे. हात कापतो म्हणून सोल्डरिंग सोडलेलं, पण कान आणि स्मरणशक्ती लख्ख. त्यांनी एक अट घातली: "काम तुम्ही करायचं, मी शेजारी बसून सांगणार. आणि मी सांगेपर्यंत एकाही कोअरला स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही." कोअर म्हणजे कॉइलमधला गाभा, तो फिरवला की ट्यूनिंग बदलतं. त्यांना मी काका म्हणू लागले, ते मला ताई.

त्यांची अट हीच या सगळ्या कामाची किल्ली आहे. स्टेशन जागेवर लागत नाही म्हटलं की हात आधी ट्रिमरकडे, म्हणजे ट्यूनिंग किंचित सरकवणाऱ्या छोट्या फिरवत्या कंडेन्सरकडे, जातो. पण पन्नास-साठ वर्षं जुन्या सेटमध्ये ट्यूनिंग बिघडलेलं दिसतं, त्यामागे बहुतेकदा गळका कंडेन्सर, वाढलेला रेझिस्टन्स किंवा थकलेला व्हॉल्व्ह असतो. आजारी सेट फिरवून फिरवून सुरात आणला, तर दोष निघाल्यावर तोच सेट पुन्हा बेसूर होतो. काका एवढंच म्हणायचे, "आधी व्होल्टेज, मग कंडेन्सर, मग गँग, आणि ट्रिमर सगळ्यांत शेवटी."

जुलैमध्ये कामाला सुरुवात झाली. सुरक्षिततेचं आधी सांगते, कारण इथे चूक माफ होत नाही. सेटमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मर आहे का ते पाहा. काही जुने सेट एसी-डीसी जातीचे असतात, त्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चॅसी थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असते. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडूच नका. माझ्या सेटला ट्रान्सफॉर्मर होता, तरी पहिल्यांदा तो साठ वॅटच्या बल्बच्या सिरीजमध्येच लावला. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करायचं. काम करताना प्लग भिंतीतून काढलेला हवा, नुसतं बटण बंद पुरत नाही. फिल्टर कंडेन्सर रेझिस्टन्स लावून रिकामे करायचे आणि रिकामे झाले का ते मीटरनं बघायचं. चालू सेटवर मोजताना एक हात पाठीमागे ठेवायचा. मागच्या बाजूचा व्होल्टेज सिलेक्टरही पाहून घ्या, आमचा २२०वर होता, तो २४५वर केला.

पहिलं मोजमाप ईएल८४चं, म्हणजे स्पीकर वाजवणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हचं. त्याच्या दोन नंबरच्या पिनवर, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या ग्रिडवर, शून्य व्होल्ट हवेत. तिथे अधिक चार होते आणि कॅथोडवर दहाच्या वर. आधीच्या टप्प्याला जोडणारा ०.०१ मायक्रोफॅरडचा कागदी कंडेन्सर गळत होता. हा एक कंडेन्सर वेळेत बदलला नाही तर ईएल८४ तापत राहतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, जो आज मिळणं सर्वांत अवघड. त्या जागी ६३० व्होल्टचा पॉलिस्टर कंडेन्सर घातला, ग्रिड शून्यावर आली, कॅथोड सातवर. त्या रविवारी एवढंच केलं आणि मला फार आनंद झाला.

मग एकेक करून सगळे मेणाचे कागदी कंडेन्सर बदलले. एक बदलायचा, सेट लावून ऐकायचं, वहीत लिहायचं, मग पुढचा. सगळे एकदम बदलले आणि सेट बंद पडला, तर कुठल्या सांध्यात घोटाळा झाला ते कळत नाही. एव्हीसीच्या लाइनवरचा ०.०५चा कंडेन्सर नक्की बदला. तो गळला तर सेटची संवेदनशीलता आपोआप सांभाळणारी यंत्रणा लंगडी पडते आणि पुढे अलाइनमेंट करताना मीटर फसवतं. आयएफटीच्या, म्हणजे आतल्या ट्यून केलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या, डब्यांतले आणि ऑसिलेटरजवळचे मायका कंडेन्सर मात्र विनाकारण काढू नका, ते सहसा टिकलेले असतात. फिल्टरसाठी ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक घेतले. "मोठा घातला तर हम (विजेची गुणगुण) आणखी कमी होईल" असं दुकानात सांगतात, पण ईझेड८०ला ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा पहिला कंडेन्सर चालत नाही, चालू करतानाच्या झटक्यानं रेक्टिफायर जातो. कंडेन्सर आणि रेझिस्टन्स मिळून ६४० रुपये लागले.

ऑगस्टमध्ये गँगकडे वळलो. गँग म्हणजे फिरणाऱ्या पात्यांचा जोडकंडेन्सर, ट्यूनरचं हृदय. त्यात साठ वर्षांची धूळ होती. मऊ ब्रशनं आणि फुंकर मारायच्या रबरी पंपानं ती काढली. पाती एकमेकांना कुठे टेकतात का हे पाहायला कॉइलकडे जाणारी तार सोडवून मीटर लावलं आणि गँग हळूहळू फिरवली. टोकाच्या पात्यांना चिरा दिसतील. कारखान्यात चिरांमधले तुकडे थोडे वाकवून डायलशी मेळ घातलेला असतो, ते सरळ करण्याच्या मोहात पडू नका. फिरणाऱ्या दांड्याला चॅसीशी (अर्थला) जोडणारी पितळी पट्टी काळी पडली होती, तीच खरखरीचं कारण होती. कॉन्टॅक्ट क्लीनर कापडावर घेऊन ती पुसली, बँड स्विचही तसाच. क्लीनरचा डबा ३८० रुपये. थेट फवारा मारायचा नाही, कॉइलवरच्या मेणावर तो बसतो.

डायलच्या काचेबद्दल एक गोष्ट. अक्षरं काचेच्या आतल्या बाजूला छापलेली असतात आणि स्पिरिटनं, कधी कधी नुसत्या ओल्या फडक्यानंही, निघून येतात. बाहेरची बाजू पुसा, आतल्या बाजूची धूळ कोरड्या ब्रशनं झटका, आणि थांबा. माझ्या डायलवरची 'सिलोन'ची अक्षरं अजून शाबूत आहेत. ज्यांनी २५ आणि ४१ मीटरवर सिलोन ऐकलं त्यांना ती का जपायची हे सांगावं लागणार नाही.

डायलची दोरी तुटायला आली होती. ती काढण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, कुठल्या पुलीवरून कुठे जाते आणि नॉबच्या दांड्यावर किती वेढे आहेत ते दिसेल असे. ताणली जाणारी नायलॉन नको, विणलेली पातळ दोरी हवी. स्प्रिंग अर्धी ताणलेली राहील अशी गाठ मारा.

एवढं झाल्यावर आवाज भरदार झाला, हम गेला, पण ६५०च्या खालची शांतता तशीच होती. म्हणजे आता दोष खरोखर ट्यूनरमध्ये.

इथे थोडं कसं चालतं ते सांगायला हवं. हा सुपरहेट सेट आहे. ईसीएच८१च्या एका भागात, म्हणजे ऑसिलेटरमध्ये, सेट स्वतःची लहर तयार करतो, स्टेशनच्या फ्रिक्वेन्सीपेक्षा बरोबर ४५५ किलोहर्ट्झनं जास्त. पुणे ७९२ लावलं की आतली लहर १२४७ची. दोन्हींचं मिश्रण झालं की ४५५चा फरक निघतो आणि पुढचे सगळे टप्पे फक्त त्या ४५५वरच, म्हणजे आयएफवरच, बेतलेले असतात. आतली लहर बंद पडली की स्टेशन कितीही जोरदार असो, सेट मुका. म्हणून ६५०च्या खाली खरखरसुद्धा नव्हती.

हे तपासायला महाग उपकरण लागत नाही. ऑसिलेटरच्या ग्रिडवर, ईसीएच८१च्या नऊ नंबरच्या पिनवर, एक लाख ओहमचा रेझिस्टन्स मधे घालून मीटर लावायचं. लहर चालू असेल तर तिथे उणे व्होल्टेज दिसतं. ४७ किलोओहमच्या ग्रिड रेझिस्टन्सवर ईसीएच८१चा सामान्य प्रवाह २०० मायक्रोअँपिअर धरला, तर साधारण उणे नऊ. माझ्याकडे बँडच्या वरच्या टोकाला उणे सहा होतं, खाली येताना घसरत जाऊन ६५०ला शून्य. ऑसिलेटरच्या ॲनोडचा ३३ किलोओहमचा रेझिस्टन्स काढून मोजला तर पन्नासच्या पुढे गेलेला. तो बदलल्यावर सुधारणा झाली, लहर ६००पर्यंत टिकू लागली. त्याखाली नाही. काका म्हणाले, "आता व्हॉल्व्हच थकलाय, ताई. त्याला विश्रांती द्या."

जुन्या बाजारातून २५० रुपयांना 'टेस्ट केलेला' ईसीएच८१ आणला, तो मूळच्याहून कमजोर निघाला. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं हे व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं बनवले आणि त्यांचा न वापरलेला नग मिळाला तर तोच घ्यावा, स्वस्त आणि उत्तम. मला त्या महिन्यात कुठे मिळाला नाही. गणपती झाल्यावर, सप्टेंबरच्या मध्याला, युरोपातल्या एका विक्रेत्याकडून न वापरलेला जुना साठा म्हणून एक मागवला. पोस्टेजसह सुमारे १,९०० रुपये.

पार्सल ऑक्टोबरच्या सुरुवातीला भारतात पोचलं आणि सीमाशुल्काच्या टप्प्यावर थांबलं. मग पत्र आलं: ओळखपत्राची प्रत, बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि वस्तू कशासाठी हवी याचं सही केलेलं निवेदन. मी निवेदनात 'जुन्या रेडिओसाठी काचेचा इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह, एक नग, वैयक्तिक वापर, विक्रीसाठी नाही' असं लिहिलं आणि वस्तूचं छायाचित्र जोडलं. नुसतं 'व्हॉल्व्ह' लिहिलं तर नळाचा व्हॉल्व्ह समजला जाण्याची शक्यता असते, म्हणून 'इलेक्ट्रॉनिक' शब्द हवाच. त्या वेळी वैयक्तिक आयातीचा दर असा होता: मूळ शुल्क ३५ टक्के, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्यासह रकमेवर २८ टक्के आयजीएसटी. गोळाबेरीज ७७.२८ टक्के. पोस्टेजही मूल्यात धरतात. म्हणजे १,९००वर १,४६८ रुपये, शिवाय टपालाचं हाताळणी शुल्क. दिवाळी मधे येऊन गेली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टमननं दारात पैसे घेऊन पावती आणि पार्सल दिलं. आधी हिशेब केला असेल तर दारात धक्का बसत नाही. मागवण्यापूर्वी चालू दर मात्र पाहून घ्या.

नवा व्हॉल्व्ह घातला आणि ग्रिडवर वरपासून खालपर्यंत उणे आठ ते नऊ. काटा खाली नेला आणि मुंबईचं ५५८ लागलं, चुकीच्या जागी आणि क्षीण, पण लागलं. मी खुर्चीतून उठून काकांना वाकून नमस्कार केला.

आता अलाइनमेंट. त्यासाठी सिग्नल जनरेटर, म्हणजे हव्या त्या फ्रिक्वेन्सीची लहर देणारं उपकरण, लागतो. काकांचा केव्हाच मोडीत गेला होता, म्हणून मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाला विनंती केली. अर्ज प्राचार्यांच्या नावे, 'विभागप्रमुखांमार्फत' असं लिहून द्यावा लागतो. उपकरणं डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कायम वस्तूंच्या नोंदवहीत, चढवलेली असल्यानं बाहेर देत नाहीत, म्हणून रेडिओच तिकडे न्यायचा. प्रयोगशाळा वापराचे ५०० रुपये कार्यालयात भरून पावती घ्यायची आणि ती अर्जाला जोडायची. परीक्षा चालू असल्यानं सही व्हायला डिसेंबर उजाडला, आणि प्रत्यक्ष वेळ मिळाली जानेवारीच्या एका शनिवारी. रेडिओ आत नेताना गेटवर आवक-जावक वहीत नोंद करून घ्या. तशी नोंद नसेल तर संध्याकाळी स्वतःचाच रेडिओ बाहेर नेताना अडवणूक होते. आमच्या नोंदीत लाकडी कॅबिनेटचा रंगसुद्धा लिहिला होता.

पहिलं काम आयएफचं. गँगचा ऑसिलेटरचा भाग शॉर्ट करून आतली लहर बंद केली. जनरेटर ४५५ किलोहर्ट्झवर, ४०० हर्ट्झचं तीस टक्के मॉड्युलेशन, म्हणजे लहरीवर चढवलेला ऐकू येणारा सूर, आणि एका कंडेन्सरमधून ईसीएच८१च्या दोन नंबरच्या पिनवर. स्पीकरवर एसी व्होल्टमीटर. व्हॉल्यूम पूर्ण मोठा आणि जनरेटर जमेल तितका लहान, कारण सिग्नल मोठा असला की एव्हीसी आड येतो आणि शिखर पसरट दिसतं. पाच ओहमच्या स्पीकरवर अर्धा व्होल्ट, म्हणजे ५० मिलीवॅट, याच्या वर मीटर जाऊ द्यायचं नाही. सुधारणा झाली की जनरेटर आणखी कमी करायचा.

कोअर फिरवण्याआधी प्रत्येकाची जागा रंगाच्या टिपक्यानं खूण करून ठेवली. मग जनरेटर मागेपुढे फिरवून पाहिलं, तर एका आयएफटीचं शिखर ४४१ला आणि दुसरीचं ४६८ला. यापूर्वी कोणीतरी सगळे कोअर फिरवले होते, काही कोअरच्या खाचा त्यात तुटलेल्या होत्या. सेट दबका वाजण्याचं मोठं कारण इथे सापडलं. दोन्ही डबे वेगवेगळ्या सुरात आणि त्यांच्या मधून बिचारा आवाज वाट काढत होता.

कोअर मेणानं बंद केलेले असतात. जोर लावला की ते तडकतात आणि तडकलेला कोअर डब्यात अडकून बसतो. केस वाळवण्याच्या यंत्रानं डबा जरा कोमट करायचा, मेण मऊ झालं की अलगद फिरवायचं. स्क्रू ड्रायव्हर धातूचा चालत नाही, कोअरजवळ नेताच ट्यूनिंग बदलतं. काकांनी बांबूची काडी तासून आणली होती, ती दुकानातल्या प्लॅस्टिकच्या संचापेक्षा सरस निघाली.

क्रम मागून पुढे: दुसऱ्या आयएफटीची दुय्यम कॉइल, मग तिची प्राथमिक, मग पहिलीची दुय्यम आणि प्राथमिक, आणि हाच फेरा पुन्हा. अशा डब्यांत बहुतेक कोअरला दोन शिखरं सापडतात. कोअर कॉइलमध्ये शिरताना एक आणि पार आत गेल्यावर दुसरं. बाहेरचं, म्हणजे शेजारच्या कॉइलपासून दूरचं शिखर खरं. आतल्या शिखरावर ठेवलं तर दोन्ही कॉइल एकमेकींना ओढतात आणि काहीच स्थिर होत नाही. दुपारपर्यंत आम्ही याच्यातच होतो. शेवटी चारही कोअर ४५५वर आले, आणि जनरेटर दोन्ही बाजूंना साडेचार किलोहर्ट्झ सरकवला की मीटर अर्ध्यावर येत होतं. सकाळी अर्ध्या व्होल्टसाठी जनरेटर जेवढा लागत होता, त्याच्या दहाव्या भागात आता काम होत होतं.

मग मध्यम लहर. गँग पूर्ण बंद करून काटा डायलच्या टोकाच्या खुणेवर बसवला, ऑसिलेटरचा शॉर्ट काढला. जनरेटर आता एरियलच्या टोकाला, २०० पिकोफॅरडच्या कंडेन्सरमधून, म्हणजे सेटला एरियल लावल्यासारखं वाटतं. ६०० किलोहर्ट्झवर काटा ठेवून ऑसिलेटरचा कोअर, १५००वर काटा ठेवून ऑसिलेटरचा ट्रिमर. एक हलवला की दुसरा बिघडतो, म्हणून पुन्हा ६००, पुन्हा १५००, दोन्ही जागच्या जागी राहीपर्यंत. त्यानंतर त्याच दोन ठिकाणी एरियल कॉइलचा कोअर आणि ट्रिमर, जास्तीत जास्त आवाजासाठी. शेवटी १०००वर तपासलं, काटा रेघेला थोडासा सोडून होता. तेवढं चालतं.

शॉर्ट वेव्हला २०० पिकोफॅरडऐवजी ४०० ओहमचा रेझिस्टन्स लावला आणि एक तपासणी अधिक केली. जनरेटर १७ मेगाहर्ट्झवर ठेवला की डायलवर १७ला जोरात आणि १६.०९ला मंद आवाज यायला हवा, कारण दुप्पट आयएफ म्हणजे ०.९१ मेगाहर्ट्झ. मंद आवाज १७.९१ला सापडला तर ऑसिलेटर चुकीच्या बाजूला बसलाय, ट्रिमर परत फिरवा. आमचा पहिल्याच वेळी खालच्या बाजूला आला. काकांनी मान हलवली, त्यांच्याकडून एवढी दाद पुष्कळ होती.

सगळे कोअर मेणाच्या एका थेंबानं बंद केले. लाख किंवा डिंक वापरू नका, पुढच्या माणसाला ते कधी सुटत नाहीत.

फेब्रुवारीत घरी एरियलचं काम केलं. फ्लॅटमध्ये एलईडी दिव्यांचा आणि चार्जरचा गोंगाट इतका असतो की उत्तम सेटही त्यात बुडतो. गच्चीवर दहा मीटर तार बांधायला सोसायटीला अर्ज दिला. तार विजेच्या खांबापासून आणि पाण्याच्या टाकीच्या पाइपपासून किती दूर असेल त्याचं चित्र जोडलं होतं, त्यामुळे समितीच्या बैठकीत विषय लगेच संपला. पावसाळ्यात विजा सुरू झाल्या की ती सेटमधून काढून अर्थला जोडायची, असं त्यांना लेखी दिलंय.

आता ७९२ रेघेवर आहे, ५५८ आणि १०४४ही. डायलवर छापलेल्या शहरांच्या नावांवर मात्र विसंबू नका. १९७८च्या नोव्हेंबरमध्ये मध्यम लहरींची नवी आखणी लागू झाली आणि स्टेशनं ९-९ किलोहर्ट्झच्या अंतरावर आली. म्हणून आजची आपली स्टेशनं ९नं भाग जाणाऱ्या आकड्यांवर सापडतात आणि जुनी छापील नावं थोडी बाजूला राहतात. आकड्यांवरून तपासा. रात्री मी राजकोटचं ८१० लावून पाहिलं. पुण्याचं जोरदार ७९२ केवळ अठरा किलोहर्ट्झवर असूनही ते वेगळं ऐकू आलं. आयएफ नीट बसल्याची याहून चांगली परीक्षा घरबसल्या मिळणार नाही.

खर्च सगळा मिळून आठ हजार सातशेच्या आसपास झाला. त्यात काकांचे तीन हजार आहेत, जे त्यांनी फार आग्रहानंतर घेतले. सर्वांत मोठा आकडा त्या एका व्हॉल्व्हचा. कॅबिनेटचं फ्रेंच पॉलिश राहिलंय, टोनचा कंट्रोल अजून एका जागी खरखरतो. बदललेल्या प्रत्येक भागाची किंमत, व्होल्टेजची मोजमापं आणि अलाइनमेंटच्या फ्रिक्वेन्सी एका कागदावर लिहून तो मी मागच्या पुठ्ठ्याच्या आतून चिकटवला आहे, म्हणजे पुढे सेट जो उघडेल त्याला कोअर फिरवण्याआधी वाचता येईल.